नव्याचे दहा दिवस

गल्लीत तिला बिल्लेवाली म्हणतात. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर, चौकीदाराच्या दंडावर, दवाखान्यातल्या नर्सच्या कोटावर दोऱ्याने भरलेलं चिन्ह असतं आणि खाली नाव असतं, ते ती करते. लग्नाआधी एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. पुढे एक कपड्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथलं भरतकामाचं यंत्र तिने नवऱ्याच्या मागे लागून उचललं. यंत्राबरोबर ते चालवणारा संगणकही आला. सासरी येताना मुलीबरोबर पाठराखीण यावी तसा.

पुढच्या खोलीत दोघं शेजारी-शेजारी बसलेली असतात. यंत्र धडधडायला लागलं की भिंत हलते, संगणक मात्र कण्हत असतो. त्याच्यात तिची अक्षरं आहेत. दोऱ्याने अक्षर भरणं म्हणजे कागदावर गिरवणं नव्हे. 'ळ'च्या पोटात दोरा गोळा होतो, 'क्ष'च्या गाठीवर सुई मोडते, 'श्र' तर नुसता छळ. एकेका अक्षराला तिने हट्टी पोराला वळण लावावं तसं वळण लावलं होतं. इथे टाका ढिला, तिथे आडवा, इथे सुईला जरा दम घेऊ दे. गावभर तिच्यासारखी नावं कोणाची बसत नाहीत, ती या अक्षरांमुळे.

आणि गेलं वर्षभर या संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यातून एक चौकट वर यायची. 'तुमची प्रणाली जुनी झाली आहे. नवीन प्रणाली मोफत मिळवा.' खाली दोन बटणं. आत्ता. नंतर.

नाव भरायच्या ऐन रंगात ही चौकट टपकायची. बिल्लेवाली दातओठ खात 'नंतर' दाबायची. "भीक नको पण कुत्रं आवर," म्हणायची.

धाकट्या दिराचं बाजारात संगणकाचं दुकान. तो आला की चहा निवायच्या आत विषय काढायचा.

"वहिनी, करून टाका एकदाचं. जग कुठे गेलं, तुम्ही कुठे बसलात!"

"जग गेलं तर जाऊ दे. माझी अक्षरं गेली तर, भाऊजी?"

"अहो, काही जात नाही."

"लिहून द्या."

तो लिहून देत नसे. तसा प्रामाणिक माणूस.

पण नुसतं नाही म्हणूनही भागेना. गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठा दवाखाना, आणि त्याने कामं संकेतस्थळावरून द्यायला सुरुवात केली. ते संकेतस्थळ जुन्या संगणकावर उघडेना. नुसतं पांढरं पान, मध्ये एक गोल फिरतोय. नवऱ्याच्या फोनवर उघडायचं, पण नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळत असतो, फोन लागायचा नाही. दोन कामं अशीच दुसरीकडे गेली. करावं की न करावं? सकाळी ठरवायची करू, दुपारी चार नावं सुरेख उतरली की म्हणायची, मरू दे, नको. संध्याकाळी ते पांढरं पान पाहून पुन्हा डोकं फिरायचं.

तिचं काही ठरायच्या आत ते सासूबाईंनी ठरवलं.

बिल्लेवाली दोरा आणायला बाजारात गेली की सासूबाई यंत्राजवळ खुर्ची टाकून बसत. चौकट आली तर 'नंतर' दाबायचं, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं आणि ते त्या दारात आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावावं तशा करत. तोंडाने म्हणतही असत, "नंतर या हो." त्या दिवशी चौकट आली ती वेगळीच. बटणं दोनच, पण 'नंतर' गायब. एकावर 'आत्ता', दुसऱ्यावर 'आज रात्री'. सासूबाईंनी विचार केला. आत्ता तर सूनबाई घरात नाही. आलेल्याला एकदम हाकलणंही बरं नव्हे. त्यांनी 'आज रात्री' दाबलं आणि झालं ते विसरून शेंगा सोलायला गेल्या.

सकाळी बिल्लेवाली यंत्रापुढे येऊन बसली तर पडद्यावर निळंशार आभाळ, डोंगर, खाली गुळगुळीत चित्रं.

"आई, काल कोणी हात लावला होता?"

"मी कशाला हात लावतेय! तो आला होता नेहमीचा. मी म्हटलं, रात्री ये."

"रात्री ये म्हणालात?"

"मग काय, उपाशी पाठवू? मला वाटलं, तू घरी असशील, तुझं तू बघशील."

बिल्लेवालीने कपाळाला हात लावला. कोणावर ओरडणार? आपलेच दात, आपलेच ओठ. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. तरी हार मानणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "दिसतंय तर छान," म्हणाल्या.

दिसायला छानच होतं. दवाखान्याचं संकेतस्थळ एका फटक्यात उघडलं. चाळीसेक नर्सची नावं, नवं चिन्ह, सगळं समोर. पण तिचा अक्षरं आखायचा जुना प्रोग्राम उघडेना. दिराला बोलावलं. त्याने बराच खटाटोप करून दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये अक्षरं दाखवली.

"हे बघा. आहेत की नाही तुमची अक्षरं?"

तिने 'ळ' लहान करून पाहिला. टाके तेवढेच राहिले, एकमेकांच्या अंगावर चढले. शिवून झालेला सदरा दिसत होता, तो बेतलेली मापं हरवली होती.

"आता यंत्र चालवा," ती म्हणाली.

दिराने वायर काढली, लावली, फुंकर मारली, पुन्हा लावली. यंत्र ढिम्म. नव्या प्रणालीला ते यंत्र ओळखीचंच नव्हतं.

"यंत्राशी बोलायला एक जोडणी मागवावी लागेल," दीर कान खाजवत म्हणाला. "मिळाली तर. आणि अक्षरं काय, पुन्हा काढता येतील. तुमच्या हातात कला आहे, वहिनी."

"कला माझ्या हातात आहे, पण आयुष्य एकच आहे ना, भाऊजी?"

संध्याकाळी नवरा आला. ग्रीसचे हात पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी काम दिसत नव्हतं, आणि आता दिसतंय तर करता येत नाही."

"डोळे आले आणि हात गेले. असंच समजा."

"मागे नाही का जाता येत?" नवऱ्याने भावाला विचारलं. "आमच्या लिफ्टला तरी खालचं बटण असतं."

जाता येत होतं. दहा दिवसांच्या आत. मग ती वाट बंद. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे एक दिवस उदारपणे जास्त दिला होता.

दीर म्हणाला, थांबा, जोडणी शोधतो. तिने थांबून पाहिलं. तो खरंच दुकानं पालथी घालत होता. इकडे शाळेचा शिपाई दोनदा येऊन गेला, "बाई, बिल्ले?" करत. ती रिकाम्या यंत्रापुढे बसायची आणि निळं आभाळ बघायची. राग नक्की कोणाचा आलाय तेच कळेना. सासूबाईंचा म्हणावा तर त्या बिचाऱ्या दोन दिवस जेवताना मान वर करत नव्हत्या. दिराचा म्हणावा तर तो राबत होता. आणि ज्याने 'नंतर' काढून 'आज रात्री' ठेवलं, त्याचं घर कुठे हे कोणाला माहीत?

मुदत संपत आली तशी तिने दिराला बोलावून घेतलं.

"मागे न्या."

"वहिनी, विचार करा. दवाखाना हातचा जाईल. आज ना उद्या हे जुनं मरणारच आहे."

"उद्या मरेल तेव्हा उद्या रडेन. आज रडायला वेळ नाही."

"आणि दवाखान्याचं काम?"

"तुमच्या दुकानात येऊन बघीन. चित्र कागदावर उतरवून घेईन आणि घरी येऊन नव्याने आखीन."

"दर वेळी?"

"दर वेळी. द्याल ना बसायला एक स्टूल?"

दिराने मागे जायचं बटण शोधून काढलं. दाबलं, तर संगणकानेच प्रश्न टाकला. 'तुम्ही परत का जात आहात?' खाली चार-पाच कारणं आणि लिहायला एक रिकामी जागा.

"काहीतरी एक निवडा आणि पुढे चला," दीर म्हणाला.

तिने त्याला हाताने बाजूला सारलं आणि दोन बोटांनी टाइप करायला लागली. यंत्र, वायर, 'ळ', शाळेचा शिपाई, म्हाताऱ्या माणसाला फसवणारं ते बटण. जागा भरली तरी तिचं संपेना.

"कोणी वाचत नाही ते," नवरा म्हणाला.

"नाही वाचत तर नाही. वर्षभर मला दटावत होता, आज विचारतोय. सांगू नको?"

बराच वेळ काळा पडदा, फिरणारे ठिपके. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. मग जुनं, मळकट, ओळखीचं चित्र वर आलं. तिने अक्षरं उघडली, यंत्राला शाळेचा बिल्ला दिला. सुई खाली गेली, वर आली. भिंत हलायला लागली. बिल्लेवालीने उठून संगणकाची इंटरनेटची वायर उपटली आणि दिराच्या हातात दिली.

तेव्हापासून ती हातात कागदाचं भेंडोळं घेऊन दिराच्या दुकानात जाते, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसते आणि दवाखान्याची चिन्हं रेघ-रेघ उतरवून घेते. मान अवघडते. पंख्याने कागद उडतो. गिऱ्हाइकांना ती दुकानातलीच वाटते.

परवा एकाने विचारलं, "ताई, माझं जुनंच ठेवू की नवं टाकून घेऊ?"

"मला नका विचारू," ती मान वर न करता म्हणाली. दिराने डोळे वटारले, तशी जरा थांबली. "बरं, सांगा. त्याला काय काय जोडलंय तुमच्याकडे?"