खंडेनवमीला धुतलेली टाकी

जालन्याहून अंबडला जाताना डाव्या हाताला सरकीचं तेल काढणारा एक कारखाना होता. १९८४ साली तो सुरू झाला, त्याच वर्षी भुजंग म्हस्के तिथं बॉयलरची राख काढायला लागला. तेल शुद्ध करताना कॉस्टिक सोडा वापरतात. त्यातून साबणासारखं तेलकट, गढूळ पाणी निघतं. दहा वर्षं ते सरळ मागच्या नाल्यात जात होतं. काठच्या विहिरींत बादली सोडली की तवंग फाटायचा आणि पुन्हा जुळायचा. म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नसत. भुजंगचं घरही नाल्याच्या काठालाच होतं.

१९९४ मध्ये प्रदूषण मंडळाची नोटीस आली आणि कारखान्यानं सांडपाणी शुद्ध करायच्या तीन टाक्या बांधल्या. औरंगाबादच्या इंजिनिअरनं भुजंगला पंधरा दिवस शिकवलं. पहिल्या टाकीत वर आलेलं तेल काढून घ्यायचं. दुसऱ्या, मोठ्या टाकीत पंखे सतत पाणी घुसळतात. तिथले जीवाणू घाण खातात आणि त्यांचाच तपकिरी गाळ तयार होतो. तिसऱ्या टाकीत तो गाळ खाली बसतो, वरचं नितळ पाणी शेताला सोडायचं. खाली बसलेला बराचसा गाळ मात्र परत मोठ्या टाकीत टाकायचा. हे शेवटचं कशासाठी, ते इंजिनिअरनं सांगितलंच नाही की भुजंगनं ऐकलं नाही, यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

पाणी घेणारी होती शेजारची गोजरबाई. विधवा, साठीची. तिची मोसंबीची एकशे साठ झाडं होती, लावून चार वर्षं झालेली. विहीर दरवर्षी डिसेंबरातच बूड दाखवायची. झाडं लहान होती तोवर तेवढ्यावर भागलं; आता बाग जगायची तर दुसरं पाणी हवंच होतं. भुजंगच्या शब्दावर तिनं कारखान्याचा पाइप शेतात घेतला.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात प्रत्येक जण आपापलं यंत्र धुऊन पुसून पुजायचा. भुजंगकडे पहिल्यांदाच स्वतःचं म्हणावं असं यंत्र होतं. त्यानं मोठी टाकी रिकामी केली. चौघांनी खराट्यानं भिंती घासल्या, गाळ ट्रॉलीत भरून बाहेर खड्ड्यात टाकला आणि ब्लीचिंग पावडरनं टाकी धुतली. फिटर इस्माईल पंख्याला ग्रीस लावत होता.

"भुजंगभाई, इतकी साफ तर माझ्या सासरची देगची न्हाई."

"बोलत बसू नको. नारळ आण जल्दी."

हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला, टाकी पुन्हा भरली. संध्याकाळी प्रसाद देताना भुजंगनं गोजरबाईलाही सांगितलं, घाण काढून टाकी चोख केली.

चौथ्या दिवशी टाकीवर पांढरा फेस आला. पाणी नितळेना, वास बदलला. भुजंगनं मॅनेजर काकासाहेबांना गाठलं.

"फेसानं कुणी मरत नाही," काकासाहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मंडळाचा माणूस यायचाय. त्याला पाणी नाल्यात दिसलं तर गेटला कुलूप लागेल. बाईच्या शेतात चालू ठेव."

भुजंगनं चालू ठेवलं.

खंडेनवमीनंतर अकराव्या दिवशी इंजिनिअर आला. त्यानं बाटलीत पाणी धरून पाहिलं आणि गाळ कुठं गेला ते विचारलं.

"खड्ड्यात टाकला. टाकी बिलकुल चकाचक केली, साहेब."

"अहो, काम तो गाळच करत होता! जिवंत होतं ते खरडून फेकलंत, उरलं ते पावडरनं मारलंत. अकरा दिवस इथं पंखे नुसतं घाण पाणी हलवतायत."

भुजंग तिथूनच गोजरबाईच्या शेतात गेला. आळ्यांत मातीवर पांढरट खपली धरली होती. पानं पिवळी पडून गळत होती.

"मावशी, पाणी बंद करा. माझ्या हातून चूक झाली."

"मला वाटलं खत कमी पडलं. कालच पोतं टाकलं. कवापासून हाय हे?"

"खंडेनवमीपासून."

"अन् आज सांगून राह्यलास?"

"साहेब म्हन्ले, चालू ठेव."

"साहेबानं मला पाइप घे म्हनून सांगितलं न्हवतं. तू सांगितल्तं."

तिनं स्वतः पाइपाच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. पाणी पुन्हा नाल्याला लागलं. मंडळाचा माणूस त्या आठवड्यात आलाच नाही. तो जानेवारीत आला. तोवर भुजंगनं शेणकाला आणि एका डेअरीच्या सांडपाण्याच्या टाकीतला बारा पिंप गाळ घालून टाकी पुन्हा चालू केली होती. त्याला सात आठवडे लागले. नमुना पास झाला. गोजरबाईची त्रेचाळीस झाडं मेली होती.

डिसेंबरापासून पुरवून वापरलेली तिची विहीर मेच्या सुरुवातीला पुरती कोरडी पडली. भुजंग तपासणीचा कागद घेऊन गेला आणि पाणी गाळच साफ करतो हे त्यानं तिला समजावलं.

"पाणी बराबर हाय आता, मावशी. शेताला चालतं म्हनून लिहून दिलंय."

"तवा म्हनलास, घाण काढून टाकी चोख केली. आता म्हनतोस, ती घाणच पाणी चोख करती. कोन्चं खरं धरू?"

"आताचं."

"मंग कागद झाडाला दाखव. ते वाचंल."

शेवटी बांधाकडच्या दहा झाडांना तिनं पाणी घेऊ दिलं. महिनाभर ती टिकली तर बाकीच्यांचं बघू, म्हणाली. भुजंग रोज सकाळी पाळीआधी ती दहा झाडं पाहून यायचा. बाकीच्या एकशे सात झाडांकडे महिना नव्हता, हे त्याला दिसत होतं. दोनदा त्यानं तसं बोलून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं हात नुसता पाइपाच्या तोंडावर ठेवला.

महिना भरला तेव्हा दहा झाडांना कोवळी फूट होती. उरलेल्यांच्या फांद्या वाळून हातानं मोडत होत्या. गोजरबाईनं तोडायला माणूस शोधला नाही, भुजंगला निरोप धाडला. त्यानं दोन दिवसांची रजा टाकली आणि कुऱ्हाड घेऊन गेला. पहिल्या दिवशी साठ झाडं झाली. दुसऱ्या दिवशी उरलेली.