नवव्या प्रकरणाची कोरी पानं

गुरुवार हा आमच्याकडे सुट्टीचा वार. सगळं जग रविवारी घरी बसतं तेव्हा आम्ही कंपनीत घाम गाळतो आणि गुरुवारी उन्हात पाय पसरून बसतो. दोन महिन्यांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी मी दारात सायकलचं पंक्चर काढत होतो, तेवढ्यात आमच्या प्रेस शॉपमधला एक जण धापा टाकत आला. "दत्ताभाऊ, शेळक्याला ट्रकनं उडवला. हायवेला. चला लवकर." मी तसाच धावत गेलो. छातीवरून चाक गेलं होतं. कुणीतरी वर पोतं टाकलं होतं, पण ते आखूड पडल्यामुळे पाय उघडे होते. कॅरिअरला बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा फुटून डांबरावर पसरला होता आणि बघे त्या पुस्तकांवर पाय देऊन उभे होते. त्यातल्या एकाची मी गचांडी धरली आणि त्याला गटारात लोटला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. माझा हात आधी चालतो आणि डोकं नंतर... भानुदास शेळकेला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याचे पुढचे दोन दात आणि डाव्या कानाचं ऐकणं मीच घालवलेलं आहे.

वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी मला 'कामगार लेखकाच्या आठवणी' लिहायला सांगितल्या, त्या मी गोड करून लिहिणार नाही. गोड लिहिलेलं वाचून भानुदास थुंकला असता.

पानशेतचा पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी तो बीडकडून आला. आमचं घर आकुर्डीच्या गावठाणातलं. शेतात कंपन्या उठायला लागल्यावर वडिलांनी गुरं विकून गोठ्याच्या जागी चार खोल्या काढल्या होत्या. त्यातली एक भानुदासनं आणि त्याच्या बायकोनं, शेवंतावहिनीनं घेतली. आल्याच्या चौथ्या दिवशी नळावर एकानं वहिनीचा हंडा पायानं सरकवला. भानुदास पुढे झाला. त्यानं भरलेली बादली ओतून रिकामी केली आणि ती त्या माणसाच्या डोक्यात घातली. मग स्वतःच्या टॉवेलनं त्याचं डोकं बांधलं, त्याला सायकलवर डबलसीट घेतलं आणि चिंचवडला डॉक्टरकडे टाके घालायला नेलं. माझी आई म्हणाली, "ह्यो माणूस येडा हाय का शाना, त्येच कळंना." मला मात्र तो तिथल्या तिथे आवडला. महिनाभरात मी त्याला आमच्या कंपनीत चिकटवला.

मी प्रेस शॉपला सेटर. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचे प्रेस असतात. त्यांत डाय, म्हणजे पोलादी साचा, बसवायची, मशिन जुळवून द्यायचं, हे माझं काम. आमच्या खात्यात एक रीत होती आणि ती सगळे पाळत. मशिन लावलं की ऑपरेटरनं एकच पीस काढायचा आणि तो सेटरच्या हातात द्यायचा. सेटरनं बघून त्यावर खडूनं सही केली की पुढचा लॉट चालू. पहिला पीस पास झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, मग वरून मॅनेजर का बोंबलेना. भानुदास या रीतीला इतका धरून असायचा की आम्ही त्याची टिंगल करायचो. जेवायला बसला की डबा माझ्यापुढे सरकवायचा आणि मला पहिला घास घ्यायला लावायचा. "बघ, पास हाय का."

दुसरीही एक रीत होती, ती कुठल्या फळ्यावर लिहिलेली नव्हती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण दोन्ही हात गुंतले तर पत्रा सरकवणार कोण? तासाचा आकडा कसा गाठणार? म्हणून आम्ही एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं कायमचं बांधून टाकायचो. साहेब बघायचे आणि मान फिरवायचे. ती पट्टी माझ्या खिशात असायची, कारण ती घट्ट बांधणं सेटरलाच जमायचं.

रघुनाथ म्हणून चऱ्होलीचा एक ऑपरेटर होता, दोन लेकरांचा बाप. एका सकाळी तो म्हणाला, "दत्ताभाऊ, तेवढं बटण बांधून द्या ना, आकडा व्हईना." मी दिलं बांधून. तासाभरात त्याची किंकाळी आली. उजवा पंजा मनगटापासून डायमध्ये होता. प्रेस वर गेला तेव्हा पंजाच्या जागी जे होतं ते मी इथे लिहीत नाही. रक्त माझ्या तोंडावर उडालं होतं. लोक त्याला धरायला धावले... आणि मी बटणाकडे धावलो. पट्टी ओढून काढली आणि खिशात घातली. रघुनाथ खाली पडून टाचा घासत होता आणि मी खिशात हात घालून उभा होतो. शेजारच्या मशिनवर भानुदास होता. त्यानं माझ्या खिशाकडे बघितलं.

चौकशीत मी सांगितलं की बटण रघुनाथनंच बांधलं होतं, मी त्याला बजावलंही होतं. माझी लहान बहीण लग्नाची होती, नोकरी गेली असती, असं मी तेव्हा स्वतःला समजावत होतो. भानुदासनं साहेबांपुढे जाऊन खरं सांगितलं. साहेब ऐकत राहिले, पण लेखणी काही उचलली नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "त्यानं लिवून घेतलं न्हाई, दत्ता. मग मीच लिवतो." मला वाटलं, रागात बोलतोय. रघुनाथला कंपनीनं काढलं आणि तो चऱ्होलीला परत गेला.

सातवीपर्यंत शिकलेला हा गडी, आणि खरंच लिहायला लागला. कामाचा आकडा भरायच्या, वापरून झालेल्या जॉबकार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा. खोलीच्या दाराला आतून त्यानं शॉपमधल्यासारखा फळा रंगवला होता. पाहिजे, झाले, रिजेक्ट. रोजचं 'पाहिजे' एक पान. शिफ्टवरून आल्यावर अंघोळ करायचा आणि पान पुरं झाल्याशिवाय जेवायचा नाही. वाईट पान फाडायचा नाही, शॉपमध्ये खराब पीसला फासतात तसा त्यावर लाल रंग फासायचा आणि वेगळं रचून ठेवायचा. मी विचारायचो, "काय राव, आज प्रॉडक्शन किती?" तो म्हणायचा, "एक निघालं, एक भंगारात." आठवड्याला सात पानं पाहिजेत, लाल रंगातून वाचलेली चारच्या वर कधी गेली नाहीत. चुकलेली तीन तो पुढच्या आठवड्याच्या डोक्यावर ठेवायचा. लेखक होण्याची ही तऱ्हा मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. प्रेस शॉपचं पुस्तक होतं ते. बोटं तुटलेले, पाठ मोडलेले, एकमेकांची डोकी फोडणारे असे आम्ही सगळे त्यात होतो.

पुण्यातल्या दोन प्रकाशकांनी पानांचा गठ्ठा चाळून परत दिला. एक म्हणाला, नावं बदला, थोडं सौम्य करा. भानुदासनं तिथेच त्याच्या टेबलावरची दौत फोडली आणि घरी आला. म्हणाला, "नाव बदललं की हात कुणाचाबी तुटतो, दत्ता. मंग त्यो कुणाचाच ऱ्हात न्हाई." मग त्यानं स्वतःच छापायचं ठरवलं. चिंचवड गावात तात्यांचा छापखाना होता. तात्या म्हातारे, पायांनी मशिन मारणं त्यांना झेपत नव्हतं. ठरलं असं, की दर गुरुवारी भानुदासनं तात्यांच्या लग्नपत्रिका पायांनी मारून द्यायच्या आणि बदल्यात तात्यांनी त्याला खिळे जुळवायला शिकवायचं. एकेक शिशाचं अक्षर उचलून उलटं बसवायचं. सुरुवातीला दिवसात अर्धं पान व्हायचं. आणीबाणी आली आणि उठली, तोवर आठ प्रकरणं छापून झाली.

आणि एका गुरुवारी त्यानं मला छापखान्यात बोलावलं. तात्या जेवायला गेले होते. त्यानं तपासायला काढलेलं ओलं प्रूफ माझ्या हातात दिलं. नववं प्रकरण. पहिली ओळ होती: 'सेटर दत्तात्रय कुदळे याने बटण बांधले आणि हात तुटल्यावर पट्टी खिशात घातली.' माझं नाव, आडनावासकट.

"हा पहिला पीस," तो म्हणाला. "तू सेटर हायेस. पास कर, मंग लॉट लावतो."

मी म्हणालो, "भान्या, हे काढ."

"खोटं हाय का? खोटं असंल तर रिजेक्ट कर. लाल रंग आणलाय मी."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडला, तर उठू दिला नाही. केसाला धरून त्याचं डोकं मशिनच्या लोखंडी पायावर आपटलं, एकदा नाही, तीनदा. डाव्या कानातून रक्त आलं तेव्हाही मी थांबलो नाही. जुळवून बांधलेली नवव्या प्रकरणाची पानं टेबलावर होती. मी टेबल उलथं केलं आणि चार महिन्यांचे खिळे फरशीवर उधळले. नळावर बादली घालणारा हा माणूस... त्यानं एकदाही हात उगारला नाही. तोंडातलं रक्त आणि दोन दात तळहातावर काढले आणि म्हणाला, "म्हंजे पास न्हाई."

पोलिसात तो गेला नाही. 'पडलो,' असं त्यानं घरी सांगितलं. पुढे पुस्तक निघालं, पाचशे प्रती. मी चोरासारखी एक मिळवली आणि संडासात उभं राहून नववं प्रकरण उघडलं. वर 'नऊ' असा आकडा होता आणि खाली एक ओळ: 'पहिला पीस सेटरकडून पास व्हायचा आहे.' पुढची सहा पानं कोरी होती. खिळे पुन्हा जुळवणं त्याला अवघड नव्हतं, छापायला माझी परवानगी लागतही नव्हती. पण पास न झालेला लॉट लावायचा नाही म्हणजे नाही. वाचणाऱ्यांना वाटलं, छापखान्याची चूक आहे. काहींनी प्रती परत आणून दिल्या. तो घ्यायचा आणि दुसरी द्यायचा. तिच्यातही सहा पानं कोरीच असायची.

सुट्टीच्या दिवशी चिंचवड स्टेशनबाहेर आणि एरवी शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर तो पुस्तकं घेऊन उभा राहायचा. एका संध्याकाळी गेटवरच्या पहारेकऱ्यांनी त्याला घेरला. चौघं होते, काठ्या होत्या. मी कँटीनच्या खिडकीत चहाचा कप धरून उभा होतो. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी हातावर, मग मोजता आल्या नाहीत. तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पालथा पडून राहिला. मला जाता आलं असतं. चौघं काही मला जड नव्हते. मी गेलो नाही, कारण आत कुठेतरी मला वाटत होतं की त्या प्रती जळाल्या तर बरं. ही लाज मी आज पहिल्यांदा बाहेर काढतोय.

तेव्हापासून चार वर्षं आम्ही एका छताखाली कामाचंच बोललो. डाय बसव, पीस बघ, खडू दे. डावा कान गेल्यामुळे तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि मी मुद्दाम हळू बोलायचो. एकदाच, आमची खोली सोडून तो दुसरीकडे राहायला गेला त्या दिवशी, सामान हातगाडीवर चढवता चढवता म्हणाला, "पास करशील तवा सांग. मला घाई न्हाई." मी हातगाडीची दोरी आवळत राहिलो. घाई करायला हवी होती ती मी.

भानुदासचे तेराव्यापर्यंतचे दिवस उरकल्यावर शेवंतावहिनी स्वतः आमच्या दारात आली. पदरात गुंडाळलेला कागद होता, तेच प्रूफ. रक्ताचे डाग काळे पडले होते. ती म्हणाली, "त्यांनी जपून ठेवला व्हता. तुमची सही घ्यायची ऱ्हायलीय म्हणायचे." मी तिच्यापुढे रडलो, मोठ्यानं, बायकोपोरांसमोर. वहिनी रडली नाही. ती उंबऱ्यावर टेकून सहीची वाट बघत राहिली.

मी सही केली. पुढचे सहा आठवडे, गुरुवारी दिवसभर आणि एरवी शिफ्टनंतर, मी तात्यांच्या छापखान्यात बसलो. तात्यांनी मला ओळखलं, मारामारीनंतर फरशी त्यांनीच धुतली होती. ते शिकवायचे, पण माझ्याशी दुसरं काही बोलायचे नाहीत. माझी बोटं डाय बसवणारी, जाड. आपल्याच नावाची अक्षरं उलटी शोधून एकेक बसवताना घामानं निसटत होती. प्रकरण छापलं, उरलेल्या प्रतींत कोऱ्या पानांच्या जागी चिकटवलं. बहीण तिच्या घरी सुखात आहे. नोकरीचं आता जे व्हायचं ते होईल, साहेबांच्या टेबलावर एक प्रत मीच ठेवली आहे.

गेल्या गुरुवारी चऱ्होलीला गेलो. अपघातानंतर पहिल्यांदाच. रघुनाथ ओसरीवर बसून पायात विळा धरून डाव्या हातानं मेथीच्या जुड्यांची मुळं कापत होता. उजव्या बाहीला गाठ मारलेली होती. भिंतीशी पोत्यावर त्याची म्हातारी आई बसली होती. त्यानं मला ओळखलं आणि विळा बाजूला ठेवला नाही. मी पुस्तक पुढे केलं, नववं प्रकरण उघडून. तो म्हणाला, "हात भरलाय माझा. तूच वाच."

मी खाली बसून वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या नसतील, त्यानं मला थांबवलं.

"आईला कमी ऐकू येतं. ती अजून मला म्हणती, तुझ्याच हावरटपणानं हात गेला. मोठ्यानं वाच."

म्हातारी पोतं ओढत माझ्या गुडघ्याजवळ येऊन बसली आणि तिनं कानावरचा पदर मागे सारला. मी पान सरळ केलं आणि पुन्हा पहिल्यापासून, ओसरीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुरुवात केली, "सेटर दत्तात्रय कुदळे याने बटण बांधले..."