केरी–तेरेखोल: अट नाही

फेरीबोट हा रस्ता आहे की नाही, यावर म्हापशाच्या आमच्या ऑफिसात दोन दिवस वाद झाला. मोबाइलवर वाट दाखवणाऱ्या नकाशासाठी आम्ही गोव्यातल्या रस्त्यांची वर्गवारी करत होतो. उपग्रहाच्या फोटोत रेघ दिसली की ठरवायचं: महामार्ग, जिल्ह्याचा रस्ता, गावरस्ता, खाणीचा खाजगी रस्ता की नुसती पायवाट. पेडणे आणि दिचोली हे दोन तालुके माझ्याकडे. मी केरीचा, त्यामुळे या कामात माझा हात धरणारा कोणी नाही असं मला वाटायचं. मुळगावकडचा एक रुंद तांबडा पट्टा एकाने गावरस्ता म्हणून टाकला, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. "अरे बाबा, त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे, आता तिथे गेट आहे! तुझी मावशी राहते काय तिथे?" असा माझा स्वभाव. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही.

फेरी हा रस्ताच, हे मी भांडून मान्य करून घेतलं. केरीहून नदीपलीकडे तेरेखोलला आमची सोयरीक, सणावाराला जाणं-येणं, सगळं फेरीने. तिला रस्ता नाही म्हणायचं तर मग काय म्हणायचं? आमच्या मुख्य बाई पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, रस्ता. पण अट काही? केव्हा बंद असते?" त्या रकान्यात मी लिहिलं, अट नाही.

आता ओहोटी, आमच्याकडे तिला सुकती म्हणतात, पुरी लागली की नदीच्या तोंडाशी वाळू वर येते आणि फेरी बांधून ठेवतात. हे केरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इतकं ठाऊक की ते लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विहिरीत पाणी आहे असं विहिरीवर कोणी लिहितं का? बाईंनी विचारलं तेव्हा मी संप, बिघाड, वादळ यांचाच विचार केला आणि रकाना भरून चहाला गेलो.

पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. बहीण माझ्याहून बारा वर्षांनी धाकटी, गोवा राज्य झालं त्या वर्षी जन्मलेली, आईचं शेंडेफळ. तिला मालवणच्या पुढे दिली होती. आईचं शेवटच्या दिवसांत एकच म्हणणं, "माझां तोंड तिका दाखयल्याबगर माका उचलू नकात." दिवसातून चार वेळा ती हे म्हणायची आणि चारही वेळा मी हो म्हणायचो. एकदा तर चिडून म्हणालो, "गे आये, हो म्हटलं ना!"

आई श्रावणात गेली, सकाळी दहाच्या सुमारास. बहिणीला फोन केला. भाड्याची गाडी मिळून ती निघेपर्यंत एक वाजला. पावसाची उघडीप होती, माणसं अंगणात बसली होती. कोणी घाई केली नाही, कारण लेक आईचं तोंड बघायला येतेय हे सगळ्यांना माहीत होतं. साडेचारला तिचा फोन आला. "दादा, मी तेरेखोलच्या जेटीर आसंय. फेरी बांदून ठेवली हा."

शिरोड्याहून आरोंद्याच्या पुलावरून आली असती तर एव्हाना दारात असती. मागे फिर, पुलावरून ये, असं मी सांगितलं. पण जेटीवरची माणसं म्हणाली, अर्ध्या तासात पाणी भरेल. त्या अर्ध्या तासाच्या आशेवर ती थांबली, आणि तो अर्धा तास लांबतच गेला. इकडे दोघे जण होडी घालतो म्हणाले. पावसाळ्यात होड्या वर काढून झाकलेल्या, नदीचं तोंड खवळलेलं. म्हाताऱ्यांनी त्यांना अडवलं. दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा ही आमच्याकडची रीत. मी दोनदा हात जोडले, थोडं थांबा म्हणालो. दोनदा थांबले. तिसऱ्यांदा काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आईच्या पायांकडे जाऊन उभे राहिले.

आमचं स्मशान नदीच्या अंगाला. अग्नी देऊन मागे फिरलो तर समोर पलीकडची जेटी. एक पांढरी गाडी आणि गाडीपुढे एकटं माणूस उभं. चेहरा दिसत नव्हता. पण तिला धूर दिसत होता. मला पहिल्यांदा त्या रकान्याची आठवण झाली.

दिवेलागणीला फेरी आली. ती उतरली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मला सगळं आतून कळलं होतं, म्हणूनच मी ओरडलो. तिला जवळ घ्यायचं सोडून, सगळ्या माणसांदेखत ओरडलो. "केरीची ना तू? तुला सुकती कळत नाही? सगळं लहानपण इथे काढलंस, आणि कोणत्या अकलेने या वाटेने आलीस?"

ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "कळता मरे दादा. ड्रायव्हराक मियाच सांगलंय, फेरीर नको, पुलावयसून जावया म्हणान. तो म्हणालो, नकाशात फेरी चालू दाखयता. गेल्या गणपतीच्या चवथीक तूच माका दाखयलंस ना, ह्यां सगळां मी लिवलंय म्हणान. माका वाटलां, दादान लिवलां म्हणजे आता सुकतीकय चलत असात."