नवशीच्या मणक्यातली वाट

तलासरीजवळच्या पाड्यावरची नवशी भातलावणीत कुणाला हार जायची नाही. दिवसभर कंबरेत वाकून चिखलात, पण हूं की चूं नाही. दिवाळीनंतर मात्र गवताचा भारा डोक्यावर घेऊन हमरस्त्यावरच्या ट्रकपर्यंत ताठ चालायची वेळ आली, की दोनशे पावलांत तिचे पाय पेटायचे, मग बधिर व्हायचे. भारा टाकून ती उकिडवी बसायची. घटकाभरात पाय पुन्हा ठणठणीत! बसली की बरी, उठली की आजारी, यावर कोण विश्वास ठेवणार? मुकादम हसायचा. नवरा, हाल्या, चारचौघांत ओरडायचा, "उठ गं, सोंग पुरे!" आठ वर्षं हे ऐकून तिचा जीव विटला होता.

भगताने तेवढं तिचं खरं मानलं. कंबरेखाली, दुखऱ्या जागीच, काळ्या दोऱ्यात शिशाचा ताईत बांधला. "सुटला तर पाय जातील," म्हणाला.

बासष्ट साली डहाणू रोडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आला. नवशी बसत-उठत एसटीने एकटीच त्याच्याकडे गेली. वाकलं की बरं वाटतं, हे ऐकून तो हसला नाही. उलट दहा प्रश्न विचारले आणि म्हणाला, "कंबरेचा फोटो काढू. अंगावरचं सगळं उतरव." तिने बांगड्या काढल्या, गळ्यातलं काढलं. ताईत तेवढा लुगड्यात दडवला. पाय वाचवायलाच आली होती ना बिचारी!

फोटोत नेमक्या मोजायच्या मणक्यांवर पांढरा डाग आला. "कंबरेला काय बांधलंयस ते सोडून ठेव, फोटो पुन्हा काढू," डॉक्टर म्हणाला. नवशी घाबरली. गेली ती दहा महिने फिरकलीच नाही. आधी एक पाय ओढू लागली, मग दुसरा. मग लघवीही कळेना. एका सकाळी उठताच येईना, तेव्हा तिने स्वतःच विळ्याने दोरा कापला. आता कशाला भ्यायचं? हाल्याने तिला दवाखान्यात आणलं.

या वेळी फोटो स्वच्छ आला. डॉक्टरने मणक्याच्या दोन बाजूंमध्ये कंपासची टोकं टेकवली, मग पट्टीवर धरली. "शिरांची ही वाट खाली रुंद होत जाते. हिची आवळत गेलीय. जन्मापासून. ताठ झाली की शिरा दबतात, वाकली की सुटतात."

"मंग मी सोंग नव्हती करत?"

"नाही."

"त्याला सांगा."

डॉक्टरने हाल्याला सांगितलं. त्याने विचारलं, "चालंल का ती?"

"ऑपरेशनला मुंबईला पाठवतो. चालेल असं आज सांगवत नाही. दहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतं."

हाल्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि स्टेशनची वाट धरली. त्याचे डोळे वाहत होते.

"पाय घट्ट धर," ती म्हणाली.

"धरलेत ना कधीचे."

नवशीने मान वाकवून खाली पाहिलं, तेव्हा कुठे तिला तिच्या पायांवरचे त्याचे हात दिसले.