नवसाबाईचा डोह

मेहुण्यांना मदत करावी, या थोर हेतूने मी त्यांच्या द्राक्षबागेतला फवारणीचा पिंप ओढ्याच्या डोहात छान विसळून काढला. तळाला मोरचुदाचं औषध होतं. पाणी निळंशार झालं. मला तर ते सुंदरच वाटलं!

तेवढ्यात नवसाबाई आली. दिंडोरीकडच्या त्या मळ्यांत ती मजुरी करायची आणि याच डोहातले खेकडे धरून बाजारात विकायची. तिची मीठमिरची त्यांच्यावरच चालायची. रागाला एवढी कडक, की एस.टी.चा कंडक्टरसुद्धा तिच्या टोपलीला आपणहून जागा करून द्यायचा.

"पाव्हणं, घरी पिंप माठात धुता का?"

"थोडंसंच होतं हो."

"थोडंसं? त्ये शंख बघा!"

खडकांना चिकटलेले बारके काळे शंख सुटून तळाला पडत होते.

"शंखच ना? खेकडे तर चालतायत."

"चालू द्या. पुढल्या महिन्यात या, मंग बोला."

गेलो. शंख खडकांवरचं शेवाळ खरवडून खायचे, म्हणून खडक स्वच्छ असायचे. आता त्यांच्यावर हिरवा बुळबुळीत थर होता, त्यावर गाळ बसला होता. खेकड्यांची पिल्लं लपायची त्या कपारी बुजल्या होत्या. दगडाखालचे किडे नाहीत, ते टिपणाऱ्या मासोळ्या नाहीत. बघायला म्हणून मी पाय टाकला आणि सपशेल आपटलो. नवसाबाई हसलीसुद्धा नाही.

तिने माझ्या हातात बादली दिली. बागांच्या वरच्या अंगाला ओढ्यात शंख शिल्लक होते. ते वेचून मी डोहात आणून सोडले. बांधावरून मेहुणे जयरामराव खदखदून हसले.

"काय मावशे, पाव्हण्याला कामाला लावलं?"

"हसतो काय, जयरामा! पाव्हणं येडं हाय. तू तर शाना ना? तुझा गडी रोज हितंच पंप धुतो! माझं खेकडं मारून तुझी द्राक्षं गोड व्हत्यात व्हय रं?"

येडा म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. जयरामरावांनाही बोलणी बसली, याचाच आनंद झाला. तरी गडी पुन्हा पंप घेऊन आलाच. मग नवसाबाई फवारणीच्या दिवसांत काठी घेऊन डोहावर बसू लागली. अंगावर आलेल्यांशी भांडली, मजुरी बुडाली म्हणून आणखी भांडली. शेवटी पंप धुवायला बांधापलीकडे खड्डा खणला गेला.

पुढे दोनेक वर्षांनी गेलो, तर खडक शंखांनी काळे झाले होते आणि तिची टोपली खेकड्यांनी खडखडत होती. मी खुशीत चपला काढल्या.

"नवसाबाई, आता मला पाण्यात उतरू देशील ना?"

"आदी हात दावा. निळं तर न्हाईत ना?"