पांढरा प्लग

उचगावच्या फाट्यावर दादासो कांबळेचं गॅरेज होतं. टू-स्ट्रोक गाडीचं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर लावावं तर दादासोनंच, असं शिरोली एमआयडीसीतले कामगार म्हणायचे. गाडी हायवेला न्यायची, फुल्ल पिळायची, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. काळा, ओला निघाला तर पेट्रोल जास्त जातंय. चॉकलेटी असला तर बरोबर. पांढराफटक निघाला तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन आतून भाजतंय. असं इंजिन जोरात पळवलं की पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक जागच्या जागी धरतं.

सत्त्याण्णवच्या मार्चात कसबा बावड्याचा उदयसिंह गाडी घेऊन आला. ॲव्हरेज पडत नव्हतं. दादासोनं कार्बोरेटरात पेट्रोल कमी सोडणारा लहान जेट बसवला, चक्कर मारून आला आणि प्लग काढला. पांढरा.

"उदयराव, अर्धा तास थांबा. काम ऱ्हायलंय जरा."

उदयसिंहाची बायको संयोगिता बाकड्यावर बसली होती. वडगावात तिच्या भावाचा साखरपुडा होता. "थांबूया की," ती म्हणाली.

"मुहूर्त टळंल. दादासो, गाडी चालतीया न्हवं?"

"चालतीया. पन हळू जावा."

का हळू, ते दादासोनं सांगितलं नाही. आपणच बसवलेला जेट चुकला, हे गिऱ्हाइकासमोर बोलायला जीभ रेटली नाही.

शिरोलीच्या पुढं चाक जाम झालं. संयोगिता उडाली ती मागून येणाऱ्या ट्रकखाली. उदयसिंहाचा पाय मोडला.

दादासोकडं कुणी बोट दाखवलं नाही. पोरानं गाडी बेफाम हाणली, असंच सगळे म्हणाले. संयोगिताचे वडील हंबीरराव बाराव्याला जावयाला म्हणाले, "माझी लेक मारलीस. नात न्हाय देनार तुझ्या हातात." तीन वर्षांची पोरगी त्यांनी ठेवून घेतली.

महिन्याभरानं उदयसिंहाच्या भावानं ती गाडी दुरुस्तीला दादासोकडंच आणून टाकली. सिलिंडर काढला, तर पिस्टनवर खरवडल्यासारखे उभे ओरखडे. दादासो तो पिस्टन हातात घेऊन दुपारभर बसून राहिला. घरी आल्यावर त्यानं बायकोला, मीनाबाईला सगळं सांगितलं.

"गप ऱ्हावा," ती घाबरून म्हणाली. "ती मानसं मोठी. उद्या आपल्या वस्तीवर चालून आली तर?"

दोन महिने तो गप्प राहिला. मग बाजारात त्याला कुबडीवरचा उदयसिंह दिसला. लोक बाजूला सरून कुजबुजत होते. त्या दिवशी दादासो भरल्या ताटावरनं उठला. मीनाबाईनं ताट उचललं आणि म्हणाली, "चला. मी बी येते संगं."

वडगावात हंबीररावांच्या अंगणात तो उभा राहिला. पोरगी आजीच्या पदराला धरून बघत होती.

"जावयाची चूक न्हाय, आबा. लहान जेट मी घातला. प्लग पांढरा निघाल्याला मी बघिटला हुता."

हंबीरराव म्हणाले, "तू धड बोलला असतास, तर थांबली असती माझी पोरगी?"

"थांबली असती. ती थांबाच म्हनत हुती."

हंबीररावांच्या थोरल्या पोरानं दादासोच्या कानफटात दोन मारल्या. मीनाबाई मधी पडली, तेव्हा तो थांबला.

आठवड्यानं नात बावड्याला बापाकडं गेली. उदयसिंह एकदाच, भावाच्या गाडीवर मागं बसून गॅरेजवर आला. गाडीवरून उतरलाही नाही. "तीन महिनं मी मानूस मारल्यागत जगलो. आन तुला ठावं हुतं," एवढं बोलून गेला.

गिऱ्हाईक तुटत गेलं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी दादासोनं गॅरेज मोडलं आणि शिरोलीत एका फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांची वाळू चाळायला लागला. बारा वर्षं त्यानं ती वाळू छातीत घेतली. खोकला बळावला तसं कामावरनं काढलं. तिथं असताना कुणी गाडी दाखवायला आणली, तर तो म्हणायचा, "मला त्यातलं कळत न्हाय, पावणं."