भूस्खलनाची पूर्वलक्षणे, दहा मार्क

सरांनी माझा पेपर दोन बोटांच्या चिमटीत धरला. घाण फडकं धरावं तसा. म्हणाले, "आज जरा करमणूक."

महाडचं कॉलेज. बी.ए.चं दुसरं वर्ष, भूगोलाचा तास. इंटर्नलचे पेपर वाटून झाले होते, माझ्या एकटीचा राहिला होता. सरांनी मला उभं केलं. आडनाव विचारलं. ते त्यांना माहीत होतं, तरी विचारलं. मग माझंच उत्तर मोठ्यानं वाचायला लागले. माझ्या बोलीची नक्कल करत, हेल काढत.

प्रश्न होता, भूस्खलनाची पूर्वलक्षणे लिहा. दहा मार्क.

मी लिहिलं होतं: "आमच्या वाडीत आत्याच्या घरामागच्या बांधाला भेग पडली. मनगट आत जाईल एवढी. पऱ्याचं पाणी तांबडं झालं, मग भर पावसात अचानक कमी झालं. मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. फणस एका अंगाला कलला. हे आठ दिवस चाललं होतं."

"पऱ्या म्हणे," सर म्हणाले. "ओढा लिहिता येत नाही?"

वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. माझ्या शेजारची, माझ्याबरोबर रोज डबा खाणारी, तीही हसली. सर हसले की हसायचं असतं.

"मी सात मुद्दे डिक्टेट केले होते. यात त्यातला एक तरी आहे का?"

मी म्हणाले, "सगळे आहेत, सर."

खरंच होते. उरलेले मागच्या पानावर होते, सरांनी पान उलटून पाहिलं नाही. म्हणाले, "मेलेल्यांच्या नावावर मार्क मिळत नाहीत."

तेव्हा कुणी हसलं नाही. माझी आत्या गेल्याचं वर्गाला माहीत होतं. सरांनाही. त्यांनी आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला जास्त लागला. म्हणाले, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्ही लोक डोंगरावरून येता. घरात पुस्तक नाही, शिकलेलं माणूस नाही. स्वतःच्या डोक्यानं लिहायला तसं डोकं घरातून यावं लागतं. तुमच्यासाठी पाठांतर बरं. पाठ करा, पास व्हा, कुठंतरी चिकटा."

शून्य मार्क. सातही मुद्दे पंचवीस वेळा लिहून आणायचे, सोबत माफीचा अर्ज. मग पासापुरते देईन म्हणाले.

मी खाली बसले. रडले नाही. रडण्यासारखं माझ्याकडं दुसरंच काही होतं, आणि ते सरांना ठाऊक नव्हतं.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. एस.टी. सोडली की तासभर चढ. आई शेतीसाठी वाडीवर असते. बाबा महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर. त्यांच्याबरोबर मी बिरवाडीला खोलीवर राहायचे, तिथून कॉलेज. शनिवारी वाडीवर जायचे.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी परत आली. वाडीच्या सगळ्यात वरच्या अंगाला तिचं घर. मला शाळेत घातलं ते तिनं. आई नको म्हणत होती, पोरगी लांब चालत जाईल म्हणून. आत्या म्हणाली, मी सोडते. चौथीपर्यंत रोज मला उतरणीवरून खाली सोडायची, संध्याकाळी आणायची. तिला सहीसुद्धा येत नव्हती. पण माझ्या पुस्तकाला वर्तमानपत्राची कव्हरं तीच घालायची. घड्या अशा की वर्षभर सुटायच्या नाहीत.

तळीये गावावर दरड कोसळली तेव्हा मी शाळेतच होते. डोंगर कसा खाली येतो ते सगळ्या तालुक्यानं तेव्हा पाहिलं. त्यानंतर कॉलेजात तो प्रश्न पक्का झाला. पहिल्या वर्षी सरांनी सांगितलं, हा येणारच, पाठ करा. मी पाठ केला. स्वल्पविरामासकट. चालताना, भांडी घासताना, एस.टी.त. एक, उतारावरील जमिनीस भेगा पडणे. दोन, झऱ्यांचे पाणी अचानक गढूळ होणे अथवा त्याच्या प्रमाणात बदल होणे. तीन, वृक्ष व खांब कलणे. चार, घरांची दारे-खिडक्या चौकटीत अडकणे. असे सात. दहापैकी नऊ मिळाले. सरांनी वर्गात माझं नाव घेतलं होतं. तेव्हाही याच सरांनी.

मी तो पेपर आत्याला नेऊन दाखवला. तिनं नऊच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

त्यानंतरचा पावसाळा. लावणीचे दिवस. शनिवारी मी वाडीवर गेले, तर आत्यानं मला मागच्या बांधावर नेलं. भेग दाखवली. लांबच लांब गेलेली, गवताखालून. म्हणाली, "बघ गो. पऱ्याचं पाणीपन लाल येतंय. मागलं दार लागत नाय. तू भूगोल शिकतेस ना? ह्ये कशानं होतं?"

माझी आत्या मला विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं होतं.

मी म्हणाले, "पावसानं होतं गो. पावसात पाणी लालच येनार. लाकूड फुगतं म्हनून दार अडकतं."

आणि मग आम्ही दोघींनी ती भेग बुजवली. तिनं घमेल्यानं माती आणली, मी ओतली. पायांनी दाबली. आत्या हसत होती, बरं झालं म्हणाली, मनात उगाच काहीबाही येत होतं.

मी रविवारी खाली आले. माझ्या पिशवीत भूगोलाची वही होती.

बुधवारी सकाळी डोंगर आला. वाडीतली माणसं खालच्या खाचरांत लावणीला गेली होती, म्हणून वाचली. वरची तीन घरं गेली. आत्याचे पाय दुखत होते, ती घरी राहिली होती. लावणीच्या माणसांसाठी भाकऱ्या भाजत होती. दुसऱ्या दिवशी सापडली. हातांना पीठ होतं असं आईनं सांगितलं. मी बघायला गेले नाही. माझ्याच्यानं गेलं नाही.

वाडीतल्या सगळ्यांना खालच्या शाळेत ठेवलं होतं, बाबांबरोबर मीही तिथं आले होते. तिसऱ्या दिवशी मी भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी बायका बोलत होत्या, पाणी लाल येत होतं म्हणे. आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं. दोन, झऱ्यांचे पाणी अचानक गढूळ होणे अथवा त्याच्या प्रमाणात बदल होणे. मग तीन. मग चार. थांबेना. सातही, ओळीनं, एकही शब्द न चुकता. शेजारच्या बाईला वाटलं मी काहीतरी देवाचं म्हणतेय.

सगळं माझ्या तोंडात होतं. बांधावर उभी होते तेव्हाही. चौथ्या मुद्द्यातलं दार आणि आत्याचं दार हे एकच दार आहे, हे मला कळलं नाही. मला कुणी तसं शिकवलंच नव्हतं. पण हे म्हणूनही माझी सुटका होत नाही. ती विचारत होती आणि मी तिला उत्तर दिलं. तोऱ्यात दिलं. भेग पायांनी दाबली.

दोन महिन्यांनी इंटर्नलला तोच प्रश्न आला. पेन उचललं. एक, उतारावरील. एवढं लिहिलं आणि हात थांबला. ते खोडलं. मग आत्याच्या बांधावरचं लिहिलं, मी पाहिलेलं आणि नंतर बायकांकडून ऐकलेलं. माझं पहिलं खरं उत्तर. त्याला शून्य मिळालं आणि वर्गासमोर त्याची चेष्टा झाली.

त्या तासानंतर तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले. पंचवीस वेळा लिहिलेलं काही माझ्याकडं नव्हतं. सर चहा पीत होते, अजून दोन मॅडम होत्या. सरांनी हात पुढं केला. मी म्हणाले, "लिहिलं नाही, सर. लिहिणारही नाही."

त्यांनी विचारलं, पाठ होत नाहीत का?

मी उभ्या उभ्या सातही म्हणून दाखवले. मग म्हणाले, "माझी आत्या मेली त्या दिवशी पण मला हे असंच येत होतं, सर. तुम्ही नऊ मार्क दिले होते."

एका मॅडमनी कप खाली ठेवला. सरांनी माझ्याकडं पाहिलं. वाटलं, आता काहीतरी माणसासारखं बोलतील. ते म्हणाले, "तुझी परिस्थिती मी समजू शकतो. पण पेपर हा पेपर असतो."

विषय गेला. केटी लागली, म्हणजे तोच पेपर पुन्हा द्यायचा.

बाबांना सांगावं लागलं. पहिल्या पाळीहून आले होते, हात धूत होते. अंगाला कंपनीचा वास. म्हणाले, "लिहून टाकायचं व्हतं ना गो. पंचवीस येळा लिहिलं तर तुझं काय जानार व्हतं?"

मग मी त्यांना बांधावरचं सगळं सांगितलं. आत्यानं काय विचारलं, मी काय बोलले, भेग कशी बुजवली. तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाबा तसेच ओल्या हातांनी उभे. म्हणाले, "मंजे तुला म्हाईत व्हतं?"

मी म्हणाले, "पाठ व्हतं, बाबा. म्हाईत नव्हतं."

त्यांनी टॉवेल घेतला, तोंड पुसलं, चप्पल घालून बाहेर गेले. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डबा भरून दिला की घ्यायचे, खाली मान घालून. मी त्यांना दोष देत नाही. एकदा मी दारात असताना त्यांना रडताना ऐकलं आणि परत फिरले. आजही आत्याचं नाव निघालं की ते उठून जातात. आमच्यात ते तसंच राहणार आहे.

नंतर मी काय केलं ते मोठं काही नाही. महाडच्या वाचनालयात गेले. डोंगर, माती, पाणी यांवरची जी पुस्तकं मिळाली ती घेतली. अर्धी कळली नाहीत. जे कळलं नाही ते डोंगरावर जाऊन बघितलं. भेग बुजवायची नसते, तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, मधलं अंतर दोरीनं मोजायचं, रोज मोजायचं, वाढलं की खाली निघायचं. एवढी साधी गोष्ट. दोन वर्षं भूगोल शिकून ती मला कुणी सांगितली नव्हती. पलीकडच्या वाडीतल्या बायकांना मी ती दाखवली. त्यांतल्या एका म्हातारीनं मला विचारलं, दोरी पावसात आखडंल त्याचं काय? मी म्हणाले, म्हाईत नाय. दोघींनी मिळून बघितलं. आखडते. मग तार वापरली. त्या म्हातारीला लिहिता येत नाही, ती तारेला रंगाची खूण करते. सरांच्या सात मुद्द्यांपेक्षा तिच्याकडून मी जास्त शिकले. गेल्या पावसात त्या वाडीनं दोन दिवस आधी घरं सोडली. काही पडलं नाही. लोक जरा कुरकुरले, पुन्हा वर गेले. मला चाललं. त्यांना कुरकुरायला मिळालं.

केटीच्या परीक्षेला दोनदा बसले. दोन्ही वेळा माझ्या शब्दांत लिहिलं, दोन्ही वेळा नापास. बाकी सगळे विषय सुटलेत. हा एकच अडकलाय, त्यामुळं पदवी नाही. बरोबरच्या मुली तलाठ्याच्या परीक्षांचे फॉर्म भरतायत. माझ्याबरोबर डबा खाणारी ती परवा घरी आली होती. त्या दिवशी हसल्याबद्दल काही बोलली नाही, पण नोट्सची झेरॉक्स घेऊन आली. म्हणाली, एकदा लिही, सुटून जा, मग तुला हवं ते कर. तिचं वाईट नव्हतं. मी झेरॉक्स परत दिली.

मला पदवी पाहिजे. बाबांचे पाय सुजतात, त्यांना किती दिवस उभं ठेवू? मला वर्गात शिकवायचंय, सर जिथं उभे असतात तिथं उभं राहायचंय. हे सगळं मला कळतं.

तरी सोमवारच्या पेपरात मी तेच लिहिणार आहे. या वेळी खुंट्यांमधलं रोजचं अंतर लिहीन, तारखेसकट, त्या म्हातारीनं केलेल्या खुणांवरून. तपासणाऱ्याला ते वाचावं लागेल. नापास केलं तर पुढच्या सत्राचा फॉर्म भरीन. पुन्हा केलं तर पुन्हा भरीन. पदवी मिळाली नाही तरी चालेल असं मी म्हणणार नाही, कारण चालणार नाही. पण न समजलेलं एक वाक्यही मी यापुढं कागदावर उतरवणार नाही. एका मार्कासाठीसुद्धा नाय.